आधी पाणी, मंग नाव

धुरपतामायने पहिल्या भेटीत मला नावसुद्धा विचारलं नव्हतं.

बदलीची ऑर्डर घेऊन जूनच्या एका दुपारी मी बदनापूरहून निघाले. जालन्यात एसटी बदलली, कुंभार पिंपळगावात जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं आणि त्याच्याही पुढच्या एका गावात उतरले. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं भांडकुदळ नाहीत, पण 'आमच्याबद्दल एवढंच लिहिलं का' म्हणून मात्र नक्की भांडतील. तर उतरले तेव्हा लिंबाखाली झोपलेलं एक कुत्रं सोडलं तर चिटपाखरू नव्हतं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पिशवी, आणि मी आता रडते की मग, अशा बेतात. समोरच्या पत्र्याच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. उंच, काटक, पांढरं लुगडं, आणि हातात पितळेचा तांब्या.

"आजी, शाळा कुठंय?" मी विचारलं.

"पाणी पे."

"हो, पण शाळा..."

"शाळा काय पळून चाल्ली का? पे आधी."

मी प्याले. माठातलं गार पाणी, त्यात वाळ्याचा वास. तांब्या रिकामा झाल्यावर तिने तो पदराने पुसला आणि पायरीवर बसत म्हणाली, "आता सांग. कुठून आली माय? कोनाची कोन?"

हा तिचा कायदाच होता. आधी पाणी, मंग नाव. पोस्टमन, लस टोचणारी नर्स, सोलर पंप विकणारी पोरं, वाट चुकलेला ट्रॅक्टरवाला, कुणालाही सूट नव्हती. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार मोठ्या गाडीतून उतरले आणि हात जोडून आपलं नाव सांगायला लागले. मायने तांब्या पुढे केला. साहेब जरा चाचरले. "नको मावशी, गाडीत बाटली आहे," म्हणाले. माय म्हणाली, "बराबर हाय. मंग मत बी बाटलीलाच मागा." साहेबांच्या ड्रायव्हरला हसू आवरेना, म्हणून तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

तिचं 'बराबर हाय' फार फसवं होतं. ती असं म्हणाली की समजायचं, तिला ते बिलकुल पटलेलं नाही आणि पुढच्या वाक्यात आपली उडणार आहे.

मी तिच्या शेजारचीच खोली भाड्याने घेतली. तिचा मुलगा जालन्यात कारखान्यात कामाला होता, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती एकटीच राहायची, पण तिच्या घरात एकटेपणा म्हणून कधी दिसला नाही. सकाळी उठल्यापासून तिचा आवाज सुरू. कोंबड्यांशी बोलणं, चुलीशी बोलणं, मी उशिरा उठले की भिंतीवर थाप मारून माझ्याशी बोलणं. "मास्तरीणबाई, सूर्य शाळंत जाऊन बसला!" पुढे ती वाचायला लागली तेव्हाही मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलंच नाही. साक्षरतेच्या परीक्षेत तिने अख्खा पेपर मोठ्याने वाचला. पर्यवेक्षकांनी हळू वाचा म्हणून विनवलं, तर म्हणाली, "मनात वाचलं तर कुनाला ऐकू जाईल?" मागच्या बाकांवरच्या बायकांचं त्यात भलंच झालं. पर्यवेक्षकांनी खिडकीबाहेर बघण्याचा शहाणपणा दाखवला.

पण ते पुढचं. मी गेले तेव्हा मायला 'ग' की 'म' कळत नव्हतं, आणि तरी एक अख्खा ग्रंथ तिला तोंडपाठ होता.

गावात बौद्धवस्तीच्या मधोमध एक छोटा विहार आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, पावसाळ्याचे तीन महिने, तिथे वर्षावास असतो. संध्याकाळी शेतातून आलेली माणसं हातपाय धुऊन जमतात आणि कुणीतरी ग्रंथातला एक भाग मोठ्याने वाचतं. हे कुणीतरी म्हणजे कित्येक वर्षं सुभाषदादा. दादा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. माणूस सोन्यासारखा, पण वाचायचे असं की वडीगोद्री, अंबड, जालना पुकारतायत असंच वाटावं. त्यात कधी पोटात कावळे ओरडायला लागले, कधी टीव्हीवर क्रिकेट असलं, की अधलेमधले छोटे थांबे गाळून त्यांची गाडी एकदम एक्सप्रेस व्हायची.

मागून धुरपतामाय ओरडायची, "दादा, थांबा हुकला! त्या राजाला जेवू तर घाला!"

दादा हसत पान मागे उलटायचे. "बेल मारत जा माय, म्हंजे थांबतो मी." सगळा विहार हसायचा आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागायची.

त्या ग्रंथात एक पान होतं, ते तिचं लाडकं. मला तिने ते पहिल्याच आठवड्यात अंगणात बसून सांगितलं होतं. एक बाई दिवसभर चालून, थकून उपदेशाच्या सभेला येते. सभा गच्च भरलेली. ती मागे उभी राहते. "तर तिला कोन म्हनतं, माय, आधी पाणी पे. पाणी पेऊन झाल्यावर इचारतेत, कुठून आली? मंग साऱ्या बाया सरकून सरकून तिला जागा देतेत. आन् तिचं पाणी झाल्याबिगर उपदेश सुरू व्हत न्हाई." हे सांगताना ती स्वतःही जराशी सरकायची, जणू मीच ती बाई आणि मला जागा हवी होती.

मग आवाज खाली आणून म्हणाली, "मास्तरीणबाई, मला बाकी काय बी वाचाया येऊ नको. हे एक पान मला माह्या डोळ्यानं वाचायचं हाय. विहारात. साऱ्यांच्या म्होरं. मरायच्या आधी येवढंच."

मी म्हटलं, "वाचाल की." नव्या गावातल्या पहिल्या महिन्यात माणूस कशालाही हो म्हणतं.

त्या वर्षी प्रौढ बायकांचा साक्षरता वर्ग शाळेच्या गळ्यात पडला, आणि शाळेने तो माझ्या गळ्यात घातला. कापसाची वेचणी उरकल्यावर मी घरोघर फिरले. बायकांनी चहा पाजला, गप्पा मारल्या, पाठीवरून हात फिरवला आणि कुणीही आलं नाही. शाळेच्या ओसरीवर मी, खडू आणि फळा असे तिघंच शाळा सुटल्यावर बसून राहायचो. माय रोज हजर असायची, पण तिला विद्यार्थिनी म्हणावं की पाहुणी, तेच मला कळत नव्हतं.

चार दिवस तिने तमाशा पाहिला आणि मग मला फैलावर घेतलं. "तू कसं बोलावून राह्यली? शिकायला या म्हनतीस. शिकाया गेलं म्हंजे आपल्याला येत न्हाई, हे साऱ्या गावाला सांगनं झालं. आसं कोन येईल?"

"मग कसं बोलावू?"

"पाणी प्यायला बोलव."

दुसऱ्या दिवशी तिने आपला माठच शाळेच्या ओसरीवर आणून ठेवला आणि तांब्या घेऊन पायरीवर बसली. शाळा गावाच्या तोंडाशी, शेतातून परतण्याच्या वाटेवर. गवताचा भारा डोक्यावर घेऊन एखादी दिसली की माय हाक मारायची, "भारा टेकव, पाणी पे!" भारा टेकवला की माणूस बसतं. बसलं की समोर फळा असतो. फळ्यावर काहीतरी असतं. "हे काय काढलं हो मॅडम?" अशी सुरुवात व्हायची. महिन्याभरात ओसरी भरली. उशिरा येणारीला आधी पाणी, मग सगळ्या बायका सरकणार, मगच माझा धडा. माझा धडा कितीही रंगात आलेला असो, नव्या बाईचं पाणी होईपर्यंत माय मला बोलू द्यायची नाही.

अशीच एक दिवस केशरबाई आली. केशरबाई म्हणजे गावातल्या जुन्या बागायतदार घरातली थोरली बाई. मोसंबीचे बाग, दारात ट्रॅक्टर. वय मायच्याच बरोबरीचं. नात पुण्याला शिकते, ती मोबाइलवर लिहून पाठवते, आणि ते सुनेकडून वाचून घ्यावं लागतं, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. "सून आर्धंच वाचती," ती मला म्हणाली. "उरलेल्यात माह्याबद्दल काय आसतं, कोन जाने."

मायने तांब्या पुढे केला.

"तहान न्हाई धुरपते," केशरबाई म्हणाली. भर उन्हातून आली होती, ओठ सुकलेले होते. ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी पाट्यांत माना घातल्या. तहान का नाही ते माझ्यासकट प्रत्येकीला कळलं होतं.

"बराबर हाय," माय म्हणाली. पहिल्यांदाच त्याच्यापुढे दुसरं वाक्य आलं नाही. तिने तांब्या केशरबाईच्या शेजारी ठेवला आणि सरकून तिला जागा दिली. मग रोज तेच. केशरबाई यायची, तांब्या शेजारी असायचा, आणि ती जाताना तसाच भरलेला राहायचा.

मला राग यायचा. एकदा मी मायला तसं म्हटलं, तर ती हसली. "तिच्या सासऱ्याच्या वावरात म्या खुरपाया जायची. पाणी वरून सोडायचे, आमी वंजळ धरायची. आर्धं कोपरावरून वघळून जायचं. तेव्हा तांब्याला हात लावायचा हुकूम नव्हता. आता तांब्या माहा हाय आन् तिला म्या बसाया जागा देती. जल्दी काय हाय?"

माझी खरी पंचाईत वेगळीच होती. वर्गात सगळ्यात हुशार विद्यार्थिनी कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून धुरपतामायचं नाव घेतलं असतं. बाकीच्या 'क' ला काना देताना घाम पुसत होत्या, तेव्हा ही पुस्तकातला धडा बोट फिरवत खडाखडा वाचायची. मी तर मुख्याध्यापकांना बोलावून दाखवलं. तेही खूश. मग एक दिवस काय झालं, तिच्या पुस्तकाची दोन पानं गुळाच्या बोटांनी एकमेकांना चिकटली. ती एक धडा संपवून पुढचा वाचू लागली. बोट पुढे सरकतंय, आवाज खणखणीत, 'आंब्याच्या झाडाखाली आजी बसली होती.' मी सहज डोकावले. बोटाखाली विहिरीचा धडा होता. आंब्याचं झाड चिकटलेल्या पानांच्या आत होतं.

"माय, आंबा कुठंय यात?"

तिने चित्राकडे पाहिलं. विहीर, रहाट, बादली. "तोडला आसंल," म्हणाली.

ओसरी हसून हसून आडवी झाली. मला हसावं की डोकं धरावं कळेना. शेजारच्या पोरी घरी अभ्यास करताना ऐकलेलं, मी वर्गात वाचलेलं, सगळं तिच्या कानाने पाठ करून ठेवलं होतं. तिला वाचायची गरजच पडत नव्हती. ज्या कानाच्या जोरावर तिने आयुष्य काढलं, तोच कान आता डोळ्यांना काम करू देत नव्हता. ती मात्र माझ्यावरच चिडली. "पुस्तकानं रोज तेच तेच कामून सांगावं मंग? पाठ व्हनारच की."

यावर औषध एकच होतं. तिने कधीच ऐकलेलं नाही असं काहीतरी वाचायला द्यायचं. खताची गोणी दिली, कापसाच्या बियाण्याची पिशवी दिली, दोन दिवसांत त्याही पाठ. मग लग्नसराई सुरू झाली आणि मला पत्रिका सापडल्या. गावभर येणाऱ्या लग्नपत्रिका मी गोळा करायला लागले. कुठल्याही दोन पत्रिकांतली नावं सारखी नसतात. तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' हे तेवढं सगळीकडे असायचं, ते तिने पहिल्याच दिवशी पाठ करून टाकलं. पण नवरदेव, मामा, प्रेषक, व्यवस्थापक, कार्यवाहक, किलबिलमधली पोरं, ही सगळी मंडळी अनोळखी. तिथे कान काही कामाचा नव्हता. पहिल्यांदाच माय घामाघूम झाली. एका नवरदेवाचं नाव लावायला तिला अर्धी दुपार लागली, आणि लागल्यावर तिने त्याला मनापासून आशीर्वाद दिला.

पुढे पुढे तिला त्याचा नादच लागला. एक दिवस पत्रिका माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाली, "हे बघ. सौ. व श्री. आन् म्होरं बापाचं नाव. पोरगी काय एकट्या बापानं काढली? हिच्या मायला नाव न्हाई का?" तेव्हापासून प्रत्येक पत्रिका हातात आली की ती आधी नवरीच्या आईचं नाव हुडकायची. सापडलं की तीनदा मोठ्याने वाचायची. नाही सापडलं की पत्रिका उलटी करून ठेवायची.

याच पत्रिकांच्या दिवसांत केशरबाई एकदा व्यवस्थापकांची लांबलचक यादी एका दमात वाचायला गेली आणि तिला उचकी लागली. थांबेना. डोळ्यांत पाणी आलं. तिने शेजारचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा प्याली. ओसरीवरच्या सगळ्या माना पाट्यांवरून वर झाल्या. तांब्या खाली ठेवल्यावर आपण काय केलं ते तिच्याही लक्षात आलं.

"हळू," माय म्हणाली. "तांब्या बी गिळशील."

पहिली हसली ती केशरबाई. मग सगळ्याच हसल्या. दुसऱ्या दिवसापासून केशरबाई आल्या आल्या तांब्याला हात घालायची आणि पाणी कोमट असलं तर कुरकुर करायची. मायने माठ सावलीत सरकवला.

आषाढ जवळ आला. आता मी मायला म्हटलं, आणा ग्रंथ. सुभाषदादांनी तो पांढऱ्या कापडात गुंडाळून दिला. तिने हात धुतले, माझ्या उंबऱ्यात पाट मांडला, चष्मा लावला. थकलेल्या बाईचं पान दादांनीच काढून दिलं होतं. बोट ओळीवर ठेवून ती एकेक शब्द लावू लागली. तो आवाज पाठ केलेल्या मायचा नव्हता. अडखळणारा, चाचपडणारा होता, आणि माझ्या कानांना फार गोड लागत होता.

"ती बाई... लांबून... चालत... सभेत आली. ती... सर्वांच्या मागे... बसली. तिने... उपदेश... ऐकला."

बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा मागे. मग तिने पान उलटलं, परत आणलं, बोटाला थुंकी लावून चिकटलंय का ते पाहिलं, उजेडात धरलं.

"पाणी कुठं गेलं?" तिने विचारलं.

मी ओळ वाचली. वरची वाचली, खालची वाचली. पाणी नव्हतं. कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी सरकलं नव्हतं. बाई आली, मागे बसली, तिने ऐकलं, एवढंच. दादांना बोलावलं. त्यांनी घरून वडिलांच्या वेळची जुनी प्रत आणली. तिच्यातही तेवढंच.

"पण दादा, तुम्ही दरवर्षी वाचता की हे," मी म्हटलं.

दादा डोकं खाजवत म्हणाले, "वाचतो ना. माय मधीच पाणी सांगती. मला वाटायचं, नेहमीसारखा माहाच थांबा हुकला आसंल."

मला इतका आनंद झाला होता की मी उडायचीच बाकी होते. तिच्या कानात पाणी होतं, तोंडात पाणी होतं, आणि तरी डोळ्यांनी सांगितलं की इथे नाही. "माय, तुम्हाला वाचता आलं!" मी तिचा हात धरून म्हटलं. "खरंखुरं आलं!"

तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. "काय वाचलं म्या? पाणी न्हाई हे वाचलं. जिंदगीभर लोकाला खोटं सांगितलं व्हय गं म्या?"

पुढचे काही दिवस तिच्या पायरीवर तांब्या दिसला नाही. गावाने ते लगेच टिपलं. पोस्टमन मला विचारून गेला, आजी आजारी आहेत का. ओसरीवर माठ होता, पण पाणी द्यायला कुणी बसलेलं नव्हतं, तर बायका येऊन नुसत्या उभ्याच राहायच्या. विहारात वाचणार नाही, असं तिने दादांना कळवून टाकलं. मी समजावलं, चिडले, रुसलेसुद्धा. ती फक्त 'बराबर हाय' म्हणायची. मला भीती वाटायला लागली की आपण हिला वाचायला शिकवून हिचं काहीतरी हिरावून घेतलं.

मग एका सकाळी भिंतीवर थाप पडली. "मास्तरीणबाई, इकडं ये. सापडलं."

ती चुलीपुढे बसली होती, पण भाकरी करत नव्हती. "सासू," म्हणाली. "म्या नवी नवरी व्हते. दिसभर खुरपून वावरातून सरळ विहारात आल्ते. दादाचा बाप वाचून राह्यला व्हता. जागा नव्हती. दारात हुभी ऱ्हायले, पाय लटलट करायले. माही सासू उठली आन् म्हन्ली, वाचनं थांबवा, माह्या सुनंला पाणी पिऊ द्या आधी. साऱ्यांच्या देखत म्हन्ली! मंग बाया सरकल्या. पाणी पेले, बसले, तवा दादाच्या बापानं म्होरं वाचलं. त्या दिशी हेच पान चालू व्हतं."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "आख्ख्या जिंदगीत पहिल्यांदा माह्यासाठी कुनी काय थांबवलं व्हतं. म्हनून ते ह्या पानात जाऊन बसलं."

"मग आता?" मी विचारलं.

"मंग आता वाचनार. लिवलंय तेवढंच वाचनार. डोळे आलेत तर डोळ्याला खोटं पाडायचं न्हाई."

आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरला होता. ओसरीवरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. केशरबाईही आली, आयुष्यात पहिल्यांदा. दाराशी कुणीतरी कौतुकाने पाहिलं तर म्हणाली, "पाऊस येईल असं वाटलं, म्हनून आडोशाला आले." आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता. बायका सरकल्या, ती मागे बसली.

मायने इस्त्री केलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. दादांनी आपली जागा तिला दिली. तिने चष्मा लावला, बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. सावकाश वाचत होती, पण एकही थांबा सोडत नव्हती. ती ओळ आली. बाई लांबून चालत सभेत आली. सगळा विहार कान देऊन बसलेला. गावातल्या प्रत्येकाला पुढचं पाठ होतं, मायनेच तर केलं होतं. तिने बोट ओळीवर घट्ट दाबलं. मग तिने वाचलं, ती सर्वांच्या मागे बसली, तिने उपदेश ऐकला. आणि पुढे गेली. पान संपलं. तिने ग्रंथ मिटला.

बायका एकमेकींकडे पाहत होत्या.

"आन् पाणी, धुरपताबाई?" मागून आवाज आला. केशरबाई होती.

"ते लिवलेलं न्हाई," माय म्हणाली. "म्या बघितलं. दोन्ही पुस्तकात न्हाई."

"लिवलेलं नसंल," केशरबाई म्हणाली. "आमी पेलंय की."

मायने चष्मा काढला आणि मिटलेल्या ग्रंथावर ठेवला. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "आता जे सांगते ते पुस्तकातलं न्हाई. ते माह्या सासूचं हाय." आणि तिने सगळं सांगितलं. दारात उभी राहिलेली नवरी, थांबलेलं वाचन, पाणी, सरकलेल्या बायका. ती थांबली तेव्हा दादांनी नाक पुसत कशीबशी दोरी ओढल्यासारखा हात हलवला, डबल बेल. सगळा विहार एकदम हसला आणि निम्म्याहून अधिक रडलाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली बदनापूरजवळ झाली. निघताना मी रडले, तिने पाणी पाजलं.

मग जाईन जाईन म्हणत आश्विन पौर्णिमा आली. वर्षावास संपायचा दिवस, म्हणजे विहारात खीर. वाटेत एसटी बंद पडली, जीप मिळेना, शेवटचा टप्पा चालतच काढला. पोचले तोवर वाचन सुरू झालेलं होतं. दारात चपलांचा ढीग, आत मुंगीला शिरायला जागा नाही. मी घामाने निथळत दारात उभी राहिले. माझ्याकडे पाहणाऱ्या बायकांना मी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

समोर धुरपतामाय वाचत होती. आवाज आता अडखळत नव्हता. दारात कुणीतरी आल्याची तिला चाहूल लागली असावी, कारण ओळीच्या मध्येच ती थांबली. मान वर केली नाही. उजव्या हाताचं बोट ओळीवर तसंच दाबून धरलं होतं, सुटलं तर शब्द हरवेल म्हणून. डाव्या हाताने तिने बाजूचा तांब्या उचलला आणि न पाहताच दाराच्या दिशेने पुढे धरला. केशरबाईने तो घेऊन माझ्याकडे दिला. बायका सरकायला लागल्या.

मी पाणी प्याले. सगळा विहार माझं पिऊन व्हायची वाट बघत होता.

"झालं?" पुस्तकातून नजर न काढता मायने विचारलं. "आता सांग. कुठून आली माय?"